भाच्याचे डोळे

सगळं गाव मामाच्या स्टुडिओतून देखणं होऊन बाहेर पडायचं, पण सख्ख्या भाच्यापुढे मात्र मामाचं काही चालत नसे. कॅमेरा समोर आला रे आला की पोराचे डोळे मिटलेच म्हणून समजा. "अरे, फोटो काढतोय, इंजेक्शन देत नाहीये!" मामा ओरडायचा. त्यावर पोरगा हसायचा आणि डोळे आणखी गच्च मिटायचे.

हा भाचा सैन्यात भरती झाला, परदेशात शांतिसेनेत तैनात झाला आणि तिथेच सुरुंगाच्या स्फोटात गेला. मिसरूड फुटून फार दिवसही झाले नव्हते हो त्याला. उद्या त्याच्या शाळेत शोकसभा होती. सैन्याकडून आलेला कडक चेहऱ्याचा फोटो त्याच्या आईने, म्हणजे मामाच्या बहिणीने, बाजूला सारला. "हा माझ्या ओळखीचाच वाटत नाही. निघाला त्या दिवशीचा हसरा दे," ती म्हणाली.

त्यातही डोळे मिटलेलेच, हे तिच्या लक्षात नसावं असं मामाला वाटलं. गेलेल्या लेकाचा असला फोटो आईपुढे ठेवायचा तरी कसा? कॉम्प्युटरवर त्याने सगळे जुने फोटो धुंडाळले, पण धड उघडे डोळे एकातही सापडेनात; सैन्याच्या फोटोतले ताठरलेले डोळे तर हसऱ्या चेहऱ्यावर शोभेचनात. शेवटी त्याने स्वतःच्या तरुणपणीच्या फोटोतले डोळे उचलले आणि भाच्याच्या चेहऱ्यावर बसवले. पोरगा मामावर गेलाय, असं घरात सगळेच म्हणत. काम इतकं बेमालूम झालं की तो स्वतःवरच खूश झाला आणि मग त्याला त्याची लाजही वाटली.

बहीण आली. फोटोकडे नुसती नजर टाकून म्हणाली, "दादा, हे डोळे तुझे आहेत."

मामाचं तोंड एवढंसं झालं. "तूच म्हणायचीस ना, मामावर गेलाय म्हणून?"

"तुला बरं वाटावं म्हणून म्हणायचे रे." ती जरा हसली. "मूळ फोटो दाखव."

"नको गं. डोळे मिटलेत त्यात. तुला बघवणार नाही. आणि उद्या लोक काय म्हणतील?"

"दाखव म्हणतेय ना."

मामाने फोटो उघडला. खांद्याला पिशवी अडकवून पोरगा दारात उभा होता, तोंडभर हसत, डोळे गच्च मिटून. बहीण कोसळेल या धास्तीने मामा तो बंद करायला निघाला. तिने त्याचा हात धरला. मग स्क्रीनजवळ वाकून तिने त्या पापण्यांवरून हलकेच बोट फिरवलं.

"त्याची पेटी सीलबंद आली," ती म्हणाली. "उघडू दिली नाही कुणी. त्याचे मिटलेले डोळे मला बघायलाच मिळाले नाहीत, दादा. हाच मोठा कर."

मामाला हुंदका आवरेना. रडत रडतच त्याने प्रिंटरला सगळ्यात मोठा कागद लावला.