सूर्याच्या रस्त्याची अनुरेखक

पौषातलं ऊन नेपरव्हिलमध्ये जमिनीवरून वर येतं. रात्रभर पडलेल्या बर्फावर ते सकाळी दहाच्या सुमारास उतरतं, आणि तिथून उसळून मालतीकाकूंच्या जेवणाच्या टेबलावर, छतावर, त्यांच्या पांढऱ्या केसांवर पसरतं. त्या सावली नसलेल्या, दुधाळ उजेडात एक बारीक आवाज चालू असतो, नकाशाच्या पातळ, पारदर्शक फिल्मवरून शाईचं पेन सरकतानाचा. सुपात तांदूळ निवडताना होतो तेवढाच. मी दारात बूट काढते, कोटावरचं बर्फ झटकते, तरी काकू मान वळवत नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बसलेल्या असतात. परक्या माणसाला वाटेल, कुणाची तरी वाट बघताहेत. खरं तर त्या हातातली पट्टी बघत असतात.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग त्यांचा झिजत चालला आहे. जिथे बघावं तिथे धुकं, आणि कडा तेवढ्या शाबूत. म्हणून जे बघायचं त्याच्या जरा बाजूला नजर टाकायची, आणि कडेने ते पकडायचं, ही विद्या त्यांनी पंच्याहत्तरी उलटल्यावर स्वतःच्या हिमतीवर कमावली. फ्रिजवर चुंबकाखाली डॉक्टरांनी दिलेला चौकड्यांचा कागद आहे. त्यावरच्या रेघा रोज एका डोळ्याने बघायच्या आणि कुठे वाकल्या आहेत ते सांगायचं. आयुष्यभर सरळ रेघ ओढण्यावर पोट भरलेल्या बाईला नेमका हाच आजार व्हावा याचा मला अजूनही राग येतो. काकूंना येत नाही. "डोळ्याला वाकडी दिसतेय ना, दिसू दे. पट्टी सरळ आहे," म्हणतात आणि पुढची रेघ ओढतात.

मी स्मिता, मूळची सांगलीची, नकाशांचं सॉफ्टवेअर लिहिते. मला चार गल्ल्या सोडून काकू राहतात. त्यांचे यजमान दिनकरकाका वारल्यापासून दर शनिवारी मी त्यांची ग्रोसरी आणून देते, आणि त्या मोबदल्यात थालीपीठ आणि टोमणे मिळतात. थालीपीठ उत्तम असतं.

काकू मूळच्या पुण्याच्या पाटबंधारे खात्यातल्या अनुरेखक. साहेबाने पेन्सिलीने काढलेला कच्चा नकाशा खाली ठेवायचा, वर पारदर्शक कागद ताणायचा आणि रेघेवर रेघ ठेवून शाईने पक्का करायचा, हे त्यांचं काम. धरण साहेबाचं, कालवा सरकारचा, आणि पक्क्या नकाशाच्या खालच्या चौकटीत 'अनुरेखन' या शब्दासमोर दोन आद्याक्षरांपुरती जागा. पुढे दिनकरकाका रसायनशास्त्राच्या संशोधनासाठी फ्रान्समधल्या ल्योंला गेले. भाषा येत नाही, ओळख नाही, घरात बसून करायचं काय? काकू आपली पेनांची डबी घेऊन तिथल्या एका रस्त्यांच्या कचेरीत गेल्या आणि कागदावर एक कमान ओढून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर होत्या. काही वर्षांनी काकांबरोबर अमेरिकेत आल्या, तर इथेही तेच काम केलं.

तिथे त्यांच्या टेबलावर आला तो पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्राकडे जाणारा महामार्ग. फ्रेंच लोक त्याला प्रेमाने सूर्याचा रस्ता म्हणतात. रस्ता तोवर बांधून झाला होता. तो रुंद करायचं आणि डागडुजीचं काम चाललं होतं, आणि जुने, कडा फाटलेले नकाशे नव्याने उतरवायचे होते. ज्या रस्त्यावरून आपण एकदाही गेलो नाही तो काकूंनी असा इंच इंच हाताखालून घातला. नकाशाच्या कडेला दुरुस्त्यांच्या नोंदी असत, आणि त्या नोंदींतून त्यांना त्या रस्त्याचं सगळं चरित्र उलगडत गेलं.

ते चरित्र त्या सांगू लागल्या की माझ्या हातातला चहा थंड होतो. आधी नुसता जुना राष्ट्रीय रस्ता होता, गावागावाच्या बाजारपेठेतून जाणारा. उन्हाळ्याची सुटी लागली की अख्खं पॅरिस गाडीच्या टपावर बोचकी बांधून त्या रस्त्याने समुद्राकडे निघायचं आणि दर गावात अडकायचं. मग महामार्ग आला, पण एकसंध आला नाही. इथे एक तुकडा, तिथे एक तुकडा, अशी ठिगळं जोडत वर्षानुवर्षं तो पुढे सरकला. बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांना वळसा घालून तो टेकड्या उतरला. ल्योंमध्ये त्याला टेकडीखालच्या बोगद्यातून थेट शहराच्या पोटात नेलं, आणि साऱ्या युरोपचे ट्रक नदीकाठच्या घरांखालून धडधडू लागले. त्या चुकीची हळहळ शहराने पुढे कित्येक वर्षं केली, आणि अलीकडे कुठे तिथल्या तुकड्याचं महामार्गपण काढून घेतलं. खाली ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उत्तरेचा बोचरा वारा, वारा अडवायला सरूच्या झाडांच्या भिंती, आणि मोंतेलिमार नावाचं नुगाचं गाव. नुगा म्हणजे बदाम आणि मधाची मिठाई. "आपल्या लोणावळ्याच्या चिक्कीचं जे झालं तेच तिथल्या मिठाईवाल्यांचं झालं. रस्ता बाहेरून गेला आणि गिऱ्हाईक त्याच्याबरोबर गेलं," काकू सांगतात.

हा रस्ता, पॅरिसपासून मार्सेयपर्यंत, ल्योंहून जपून आणलेल्या पेन्सिलीच्या कच्च्या कागदांवरून एका लांब गुंडाळीवर उतरवायचं त्यांनी तीन वर्षांपूर्वी मनावर घेतलं. फिल्मचे तेवीस तक्ते, एकाला एक जोडलेले, आणि प्रत्येक तुकड्याखाली त्याची कहाणी सुवाच्य मराठीत. त्यांची मुलगी मंजिरी नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला असते. व्हिडिओ कॉलवर ती म्हणायची, "आई, यार, आता कशाला हे? आराम कर ना." मीही एकदा आगाऊपणे म्हणाले, "काकू, माझ्या फोनात अख्खा रस्ता आहे."

"असेल. तुझ्या फोनात माझं नाव आहे का?"

"आहे की. मालतीकाकू, नेपरव्हिल."

"ते नंबराचं नाव झालं. मी रस्त्यावरचं म्हणतेय."

मग त्यांनी सांगितलं. तीन देशांत मिळून किती तक्ते उतरवले याची गणती नाही, पण पूर्ण नाव एकावरही नाही. कुठे दोन अक्षरं, कुठे तीही नाहीत. पुढे कॉम्प्युटर आले आणि ते कागदही कुठल्याशा गोदामात गेले. "मला एकदा, एका धड कामाखाली, माझं सगळं नाव लिहायचंय. दिसतंय तोवर," त्या म्हणाल्या. त्यानंतर मी फोनाचा विषय काढला नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मेपलची पानं लाल होऊन रस्त्यावर पडत होती. डॉक्टरांनी नेहमीचं इंजेक्शन दिलं आणि मग खुर्ची पुढे ओढून सांगितलं की डाव्या डोळ्यात आता वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि उजव्याचा भरवसा फार तर वसंत ऋतूपर्यंत. आम्ही गाडीने घरी निघालो. पट्टी बांधलेल्या डोळ्याकडून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. सिग्नलला थांबले तेव्हा म्हणाल्या, "एकच तक्ता राहिलाय. घाई करायला हवी."

आणि त्या घाईनेच घात केला.

महिन्याभराने मी गेले तेव्हा शेवटचा तक्ता शाईने पूर्ण होऊन टेबलावर पसरला होता. नाव लिहायचं तेवढं बाकी होतं. रेघा इतक्या स्वच्छ, वळणं इतकी गोलाईदार, की माझा ऊर भरून आला. आणि पुढच्याच क्षणी नदीकडे लक्ष गेलं. गुंडाळीवर पॅरिस डावीकडे आणि मार्सेय उजवीकडे, म्हणजे ऱ्होन नदी रस्त्याच्या खालच्या अंगाला असायला हवी. आधीच्या तक्त्यांवर ती तशीच होती. या तक्त्यावर ती वरच्या अंगाला होती. काकूंनी पेन्सिलीचा कच्चा कागद उलटा, पालथा ठेवून त्यावर फिल्म ताणली होती. पातळ कागदातून पेन्सिल दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, म्हणून ही चूक फक्त अनुरेखकाच्याच हातून होऊ शकते. आव्हिन्योंपासून समुद्रापर्यंतचा अख्खा प्रदेश आरशात पडल्यासारखा उलटा झाला होता.

"कसा झालाय?" त्यांनी खिडकीकडे बघत, म्हणजे माझ्याकडे बघत, विचारलं.

"सुंदर," मी म्हणाले. थालीपीठ खाल्लं. काय खाल्लं ते कळलं नाही. कोट चढवून गाडीत जाऊन बसले, गाडी सुरू केली, काचेवरचं बर्फ वितळून ओघळेपर्यंत तशीच बसून राहिले. स्वतःची इतकी लाज मला क्वचित वाटली असेल. कुणाला कळणार होतं? त्यांना तर कधीच दिसणार नव्हतं. आणि ज्या बाईला आता कधीच दिसणार नाही तिला फसवणं किती सोपं आहे, या विचारानेच मी गाडी बंद करून परत आत गेले.

"काकू, नदी वर गेलीय."

 त्यांचा हात टेबलावरून सरकत कच्च्या कागदाच्या कोपऱ्याशी गेला. तिथे त्या नेहमी सुईने तीन भोकं पाडतात, वरच्या उजव्या कोपऱ्यात, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. ल्योंमध्ये पहिल्याच महिन्यात त्यांनी असाच एक तक्ता उलटा उतरवला होता. तिथला म्हातारा मुख्य आरेखक रागावला नाही. त्याने तो तक्ता खिडकीच्या काचेवर धरला, उलटा केला, नदी आपल्या जागी आलेली त्यांना दाखवली, आणि एक कोरा कागद हातात ठेवला. तेव्हापासून ते तीन ठिपके. आता त्यांचं बोट ते ठिपके शोधत होतं, आणि ते खालच्या कोपऱ्यात सापडले.

"आधी चाचपून बघायचं असतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं चाचपलं. या वेळी नाही."

मी घाईघाईने तोडगा काढला. फिल्म पारदर्शक आहे, ती आपण नुसती उलटी करून जोडू या, नदी आपोआप खाली येईल, कुणाला पत्ताही लागणार नाही. मी फिल्म उचलून खिडकीशी धरली. खरंच सगळं जागच्या जागी आलं. बाहेरचं बर्फ त्यातून झळकत होतं.

काकूंनी माझ्या हातातून ती हळूच काढून घेतली. "शाई मागच्या बाजूला राहील, स्मिता. मागे राहायचं पुष्कळ झालं." आणि तिची सुरळी करून कोपऱ्यात उभी केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी फिल्म मागवायला लावली.

हा सगळा हिवाळा तो एक तक्ता चालला. पूर्वी जे काम आठवड्याचं होतं त्याला अडीच महिने लागले. मधेच उजव्या डोळ्यातलं धुकं वाढलं, तेव्हा त्यांनी पट्टीच्या कडेला दोरा चिकटवला, बोटाला कड कळावी म्हणून. सूर्य ढगाआड गेला की पेन खाली ठेवायचं, बाहेर आला की उचलायचं. दिव्याच्या उजेडावर त्यांचा विश्वास नाही. मी शेजारी बसून लॅपटॉपवर माझं काम करायची, आणि पेनाचा आवाज थांबला की माझीही बोटं थांबायची. मंजिरी फोनवर आता "आराम कर" म्हणेनाशी झाली. "कुठपर्यंत आलीस, आई?" एवढंच विचारायची. काकू गावाचं नाव सांगायच्या. असं गाव गाव करत फेब्रुवारीच्या शेवटी रस्ता समुद्राला टेकला. त्या दिवशी मी तक्ता आधीच्या तक्त्याशी जोडून चार वेळा तपासला. नदी खाली होती.

मग चौकट आली. तीन ओळी. 'आरेखन' समोर त्यांनी ल्योंच्या त्या म्हाताऱ्याचं नाव घातलं, कारण मूळ रेघ त्याची. 'अनुरेखन' समोर पेन टेकवण्याआधी त्या घड्याळाकडे बघत बराच वेळ थांबल्या. मग एका दमात सगळं नाव लिहिलं, स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव.  नाव ओळ सोडून वर चढत गेलं होतं. आडनावाचं शेवटचं अक्षर चौकटीच्या रेघेवर जाऊन बसलं होतं.

"सरळ आलंय?"

एकदा खोटं बोलून झालं होतं. "चढलंय जरा," मी म्हणाले. "नवी फिल्म काढू का?"

नदीसाठी अख्खा हिवाळा घालणाऱ्या त्या बाई हसल्या. "वाचता येतंय ना?"

"येतंय."

"मग राहू दे. नदी चुकून चालत नाही. माझं नाव माझ्यासारखं असलं तर चालतं." त्यांनी पेन पुसून माझ्यापुढे धरलं. तिसरी ओळ 'तपासणी' होती. "तू परत आलीस ना आत, म्हणून," त्या म्हणाल्या. मी पेन घेऊन तिथे माझं नाव लिहिलं.

आता नेपरव्हिलमधलं बर्फ वितळलं आहे आणि उजेड पुन्हा वरून पडतो. काकूंना टेबल दिसत नाही, मी दिसते ती एक हलणारी सावली. गुंडाळी काढून द्यायला सांगतात, शेवटच्या तक्त्याचा कोपरा चाचपून फिल्मलाही सुईने पाडलेले तीन ठिपके शोधतात, आणि तिथून बोटाने मोजत चौकटीपाशी येऊन थांबतात. शाईला उंची नसते, बोटाला तिथे काहीच लागत नाही. ज्या रस्त्यावरून त्या कधी गेल्या नाहीत आणि जो आता त्यांना कधी दिसणारही नाही, त्याच्या शेवटाला, समुद्राच्या अलीकडे, एक नाव जरा वर चढून बसलं आहे. ते काळाने पुसलं तर पुसो, पण तोवर ते कुठे आहे हे न बघता सांगू शकेल असं एक माणूस या खिडकीशी बसलेलं आहे.