बावन्न खडे

वसीलाचं पत्र आलं तेव्हा जैतुनांची तोडणी नुकती सुरू झाली होती. आता तेलगिरण्यांबाहेर शेवटचा काळा चोथा वाळत पडला होता, तरी खमेसने उत्तर धाडलं नव्हतं.

वसीला त्याची थोरली बहीण. वय पंच्याहत्तर, बीर सालेम गावात एकटीच राहायची. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पित्ताशय काढून टाकायची तारीखही दिली होती. 'पण तुमच्या शहराबाहेरच्या मळ्यावर शेख झुबैर सुरी न लावता खडे पाडतो,' तिने लिहिलं होतं. 'शेजारणीचे साठ पडले, बरणीत ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिले. त्याच्या भिंतीवर तुझ्या विद्यापीठाच्या शिक्क्याचा कागद आहे. तू तिथे एकोणीस वर्षं पुस्तकं सांभाळलीस. तुझं पोट कापलं तेव्हा तू चाळीस दिवस कण्हत होतास तेही मी विसरले नाही. मला एवढंच सांग, कापून घेऊ की पिऊ? तोंडी सांगू नकोस. तोंडी तू सगळ्यांना हो म्हणतोस. लिहून दे. तोवर तारीख पुढे ढकलली आहे.'

खमेसने उत्तराचे अकरा कच्चे खर्डे केले. प्रत्येकात 'कदाचित' हा शब्द होता. तो डॉक्टर नव्हता, प्राध्यापक नव्हता. सफाक्स शहराच्या विद्यापीठात तो प्रबंधांच्या खोलीचा राखणदार होता. कुणी मातीतल्या मिठावर, कुणी मूत्रपिंडावर, कुणी लग्नातल्या गाण्यांवर पाच-पाच वर्षं घालवून जाड पुस्तक आणून द्यायचं आणि खमेस त्याला क्रमांक देऊन कपाटात ठेवायचा. त्यातलं बरंचसं त्याने वाचलं होतं, आणि जितकं वाचलं तितका त्याला स्वतःच्या अज्ञानाचा धाक वाटू लागला होता. शेख झुबैरने यातलं काहीच वाचलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला कसलाच धाक नव्हता.

मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात दुकानदार तय्यिबने शीतपेटी उघडली. लिंबाच्या सरबताच्या बाटल्यांमागून त्याने एक काचेची बरणी काढली आणि नवऱ्यामुलाच्या बापाच्या ऐटीत फळीवर ठेवली.

"ब्याऐंशी, सी खमेस. मोजून घ्या हवं तर." वयाने मोठ्या माणसाच्या नावाआधी तो आदराने 'सी' लावायचा.

बरणीत हिरवट गोळे होते. काही वाटाण्याएवढे, काही जैतुनाच्या बीएवढे. तय्यिबने कौतुकाने सांगितलं की दुपारी शेख एक मीठ पाजतो, त्याने पोट साफ होतं. मग अर्धा पेला जैतुनाचं तेल आणि तेवढाच लिंबाचा रस, त्यावर शेखची फुंकर. सकाळी चाळणी घेऊन बसायचं, की खडे हजर. फक्त ते गार ठेवायचे. ऊब लागली तर रोग परत मालकाच्या अंगात शिरतो, असं शेखने बजावलं होतं.

"आणि कळ?" खमेसने विचारलं.

तय्यिबने बरणी पुन्हा सरबतामागे सरकवली. कळ अधूनमधून येते म्हणाला. शेख म्हणतो, श्रद्धा कमी पडली. पुढच्या बुधवारी पुन्हा जाणार होता.

खमेसने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी त्याने, कानशिलं तापेपर्यंत लाजत, शेजाऱ्याकडे त्याच्या पोटातले दोन खडे मागितले.

ते बर्फात घालून तो रसायनशास्त्राच्या जलीलाबाईंकडे गेला. बाई तेलगिरण्यांच्या काळ्या सांडपाण्यावर वीस वर्षं काम करत होत्या आणि त्यांच्या कोटाला कायम आंबलेल्या तेलाचा वास यायचा. त्यांनी एक गोळा चमच्यात घेऊन कोमट पाण्यावर धरला. गोळा पसरला आणि लोण्यासारखा वितळून गेला. बाई हसल्या. आतड्यातले रस तेल फोडतात, त्यातली आम्लं सुटतात, त्यांतली काही क्षारांशी जुळून घट्ट होतात. हा दगड नाही, अर्धवट साबण आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण कागदावर लिहून द्याल का म्हटल्यावर हसू मावळलं. पोटाचा विषय वैद्यकवाल्यांचा, त्या म्हणाल्या.

वैद्यकवाल्यांपैकी खमेसला एकच माणूस माहीत होता, त्याचं स्वतःचं पोट कापणारा. सर्जनसाहेबांनी ऐकून घेतलं आणि हात झटकले. आपल्याला मूर्खपणावर शस्त्रक्रिया करता येत नाही, तो समाजशास्त्राचा प्रांत आहे, म्हणाले.

समाजशास्त्राच्या सलवाने तर शेखच्या मेळ्यावरच प्रबंध लिहायला घेतला होता. दर गुरुवारी शेख बऱ्या झालेल्यांची नावं वाचून दाखवायचा. त्यातल्या साठ जणांच्या घरी ती सहा महिन्यांनी जाऊन आली होती. एकेचाळीस जणांना कळ परत आली होती. मग ते मेळ्यात उभं राहून सांगत का नाहीत, असं खमेसने विचारलं.

"लाजतात, काका. आपलीच श्रद्धा कच्ची, असं वाटतं त्यांना. ज्यांना बरं वाटतं ते दर गुरुवारी पुढे बसून टाळ्या वाजवतात. ज्यांना नाही वाटत ते घरी कण्हतात. मेळ्याला कण्हणं ऐकू येत नाही."

"मग हे सांगा ना कुणाला तरी."

"चौथ्या प्रकरणात येणार आहे," सलवा म्हणाली. "दोन वर्षांनी."

म्हणजे साबण एका कपाटात, पित्त दुसऱ्या कपाटात, गर्दी तिसऱ्या कपाटात. तिन्ही कपाटांच्या किल्ल्या ज्याच्या खिशात, तो माणूस साधं पोस्टकार्ड लिहायला घाबरत होता. शेख झुबैरसारख्यांचं सगळं भांडवल हेच. ते काही फार हुशार नसतात. शहाणी माणसं आपापल्या खोलीचं दार लावून बसतात, एवढं त्यांना माहीत असतं.

खमेस पुन्हा सर्जनसाहेबांकडे गेला, या वेळी एकच प्रश्न घेऊन. ज्याला पित्ताशयच नाही, त्याने ते तेल प्यायलं तर काय पडेल?

सर्जनसाहेबांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं पित्ताशय मी स्वतः बादलीत टाकलंय, सी खमेस. बारा वर्षं झाली." मग त्यांनी त्याला नीट तपासलं, काळजी कुठे घ्यायची ते सांगितलं आणि हे सगळं, आश्चर्य म्हणजे, लिहून दिलं.

बुधवारी दुपारी खमेस शेखच्या मळ्यावर इतर तीसेक जणांबरोबर रांगेत बसला आणि तेल प्यायला. चव वाईट नव्हती. तेल तय्यिबच्या दुकानातल्यापेक्षा बरं होतं.

गुरुवारी सकाळी मळ्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायाबापड्या, टोपल्यांत भाकऱ्या घेऊन आलेली कुटुंबं, दूरच्या गावांहून भरून आलेल्या भाड्याच्या गाड्या. जलीलाबाई चहाचा थर्मास घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांना यायला लावताना खमेसला बोलावं लागलं नव्हतं, सर्जनसाहेबांची चिठ्ठी पुरली होती. सलवा वही घेऊन नेहमीच्या जागी बसली होती आणि तय्यिब तिच्याशेजारी.

शेख आला. पांढऱ्या लांब झग्यावर त्याने डॉक्टरी कोट चढवला होता आणि गळ्यात जपमाळेशेजारी नळी लोंबत होती. मागच्या भिंतीवर चौकटींत कागद होते.

"मी अडाणी माणूस आहे, पण चौदा शास्त्रं माझ्या पायाशी बसतात," त्याने सुरुवात केली. "भूगर्भशास्त्र सांगतं, दगडाला दगड ओढतो. भौतिकशास्त्र सांगतं, फुंकरीत लहरी असतात. आणि समाजशास्त्र सांगतं, जिथे हजार माणसं जमतात तिथे खोटं टिकत नाही. विद्यापीठाने तर लिहून दिलंय." त्याने काठीने एका चौकटीकडे खूण केली. जीभ उचलून टाळ्याला लावायची, एवढं एकच शास्त्र त्याला येत होतं आणि त्यात तो खरोखर पारंगत होता.

मग चाळण्या आल्या. नाव पुकारायचं, खडे मोजायचे, बायकांनी जिभा वाजवून गजर करायचा. कुणाचे तीस, कुणाचे सत्तर. खमेसचं नाव आलं. शेखने स्वतः मोजले.

"बावन्न. या वयात बावन्न. बाबा, पोटात डोंगर घेऊन हिंडत होतास तू."

गजर झाला.  बसून घ्यावं, हो म्हणावं, घरी जावं, असं खमेसला अगदी मनापासून वाटलं. मग समोर वसीलाच्या वयाची एक बाई पोटावर हात दाबून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेली दिसली.

"शेखसाहेब, हे खडे कुठून आले?" त्याने विचारलं. आवाज इतका बारीक होता की दोनदा विचारावं लागलं.

"तुझ्या पित्ताशयातून, बाबा. दुसरं कुठून?"

"ते बारा वर्षांपूर्वी काढलंय."

आणि जो माणूस हमामखान्यातही कोपऱ्यात तोंड करून अंघोळ करायचा, त्याने चारशे माणसांसमोर सदरा वर केला. बरगडीखाली वीतभर व्रण होता. सर्जनसाहेबांची चिठ्ठी त्याने पुढच्या रांगेत दिली. ती हातोहात फिरू लागली.

शेख क्षणभर थांबला. अशा माणसांचा क्षण लहान असतो. "श्रद्धावानाचं पित्ताशय परत उगवतं," तो म्हणाला.

"रात्रीतून? आणि बावन्न खड्यांसकट?" मागून तय्यिब म्हणाला. दोन-चार जण हसले. मळ्यावर त्या हंगामात शेखशिवाय कुणी पहिल्यांदाच हसवलं असेल.

जलीलाबाई पुढे आल्या. पेल्यात थर्मासातलं गरम पाणी ओतलं, खमेसचे चार खडे टाकले. खडे वितळून वर तेलकट साय आली. बाईंनी चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला, पेल्यावर तळहात ठेवून जोरात हलवलं आणि पेला उंच धरला. काठापर्यंत फेस होता.

ती पोटावर हात दाबून बसलेली बाई उठली. तिने फेस बोटांवर घेतला, चोळला, हुंगला. हा सगळा मुलूख तेलाच्या गाळाचा साबण पिढ्यान्पिढ्या घरी शिजवणारा. त्याच बायका वर्षभर चाळण्यांसमोर बसून हिरवे गोळे मोजत होत्या.

"साबणच आहे," ती म्हणाली. "आणि कच्चा. माझ्या सुनेनं असा केला असता तर कढई बाहेर फेकली असती मी." मग तिने शेखकडे वळून सरळ विचारलं, "आणि माझे खडे रे? ते कुठे आहेत?"

"आत आहेत, आई. होते तिथेच," उत्तर खमेसने दिलं.

शेखने शास्त्रांना हाका मारून पाहिल्या. चौदातलं एकही आलं नाही. खमेस भिंतीपाशी गेला, शिक्क्याची चौकट त्याने खाली उतरवली आणि लोकांना वाचून दाखवली. ती वाचनकक्षाची एका दिवसाची प्रवेशचिठ्ठी होती. खाली सही खमेसचीच होती. त्याला तो दिवसही आठवला. झुबैरने तिथे बसून वर्तमानपत्रातलं राशिभविष्य वाचलं होतं आणि जाताना पेन परत केलं नव्हतं.

सगळे उठून गेले असं नाही. एका माणसाने जलीलाबाईंना काफिर म्हटलं. बरेच जण चुळबुळत बसून राहिले, कारण इतक्या लांबून आल्यावर फसलो म्हणायला जीभ रेटत नाही. पण ज्या गाड्या भरून आल्या होत्या, त्यांतल्या निम्म्या दुपारच्या जेवणाआधी परत फिरल्या. साबण ओळखणारी ती बाई सलवाचा हात धरून तिच्याकडून दवाखान्याचा पत्ता लिहून घेत होती. तय्यिबने वाटेत खमेसला विचारलं की ऑपरेशन फार दुखतं का. खमेसने हो म्हटलं, आणि पहिल्यांदाच त्या 'हो'ची त्याला लाज वाटली नाही.

संध्याकाळच्या टपालाआधी त्याने कागद घेतला. खर्डा केला नाही.

'वसीला, कापून घे. पिऊ नकोस. झुबैरचे खडे पोटात नव्हते. आपण पितो त्याच तेलाचा आतड्यात साबण होतो, बाकी काही नाही. मला पित्ताशय नाही हे तुला ठाऊक आहे. माझे बावन्न पडले. तुझे खरे खडे आत आहेत आणि थांबलीस तर जिवावर बेततील. भिंतीवरचा कागद म्हणजे वाचनकक्षाची एका दिवसाची प्रवेशचिठ्ठी होती, सही माझीच होती, हे मी आधीच जाऊन पाहायला हवं होतं. शिक्का पाहून विश्वास ठेवू नकोस, मी सांगतो म्हणूनही ठेवू नकोस. शेजारणीच्या बरणीतला एक खडा काढ, गरम पाण्यात टाक, चिमूटभर सोडा घाल आणि हलव. जे दिसेल ते गावातल्या बायकांना बोलावून दाखव. कुणी चमत्कार सांगितला तर एवढंच विचारावं, की हा खोटा असता तर मला कळलं कसं असतं? जो विचारू देत नाही, त्याच्याकडे पोट घेऊन जाऊ नये. दुखेल, खोटं सांगत नाही. मी येऊन दवाखान्यात बसतो. कण्हायचं तर दोघं मिळून कण्हू. तुझा भाऊ, खमेस.'

तिकीट चिकटवून त्याने पत्र टपालपेटीत टाकलं आणि बीर सालेमची गाडी कुठून सुटते ते विचारायला निघाला.