अडकलेला ळ

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. किती जुना, ते माझ्या रंगावरून ओळखा. कारखान्यातून निघालो तेव्हा सायीसारखा पांढरा होतो, आता दोनदा उकळलेल्या चहासारखा दिसतो. माणसांना कळा कधीमधी येतात. मी एकशे चार कळा अंगावर घेऊनच जन्माला आलो. तरी कधी तक्रार केली नाही. एकदाच माझी एक कळ रुसली होती, आणि तेवढ्यानं एका मुलीचं अख्खं वर्ष बुडायची वेळ आली. तीच हकिकत सांगतो.

सन अठ्ठ्याण्णवमध्ये थर्माकोलच्या गादीवर निजून मी हुबळीला आलो. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून हणमंत नावाच्या तरुणानं मला घेतलं, स्कूटरवर पायांशी उभं केलं आणि धारवाडला सप्तापुरात आपल्या संगणक केंद्रात आणलं. चार संगणक, एक प्रिंटर आणि दारावर पाटी : चपला बाहेर काढा. आम्ही काही देव नव्हतो, पण मान देवासारखा होता. संध्याकाळी हणमंत आमच्यावर फुलाफुलांचं कापड घालायचा, आणि पावसात दिवे गेले की आमच्याआधी स्वतःच हळहळायचा.

ते माझे उमेदीचे दिवस. इंजिनिअरिंगची मुलं अर्धा अर्धा तास एक हरवलेला अर्धविराम शोधायची आणि सापडला की राग माझ्यावर काढायची. एक मुलगा रोज दुपारी येऊन कुणा मुलीला पत्र लिहायचा. पहिली ओळ लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. माझी पुसण्याची कळ सगळ्यांत आधी गुळगुळीत झाली ती या प्रेमापायी. नोकरीचे अर्ज करणारे 'छंद' या शब्दापाशी आले की हात थांबवून छताकडे बघायचे. असे किती हात माझ्यावरून गेले! हणमंत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "मस्त ओडतैति!" मस्त पळतोय, असं त्याच्या कन्नडात.

दोन हजार दोन साली भार्गवी आली. हुबळीच्या भांड्यांच्या व्यापाऱ्याची ही मुलगी विद्यापीठात मराठीचं एम. ए. करत होती आणि सप्तापुरातच खोली घेऊन राहत होती. तिला प्रबंधिका टाईप करायची होती. विषय होता 'हुबळीच्या बाजारपेठेतील मराठी बोली'. मराठीचा फॉन्ट फक्त माझ्याच संगणकावर होता, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. पहिल्या दिवशी ती दोन बोटांनी लिहायची आणि प्रत्येक अक्षर सापडलं की "हा बघ!" म्हणायची. पंधरा दिवसांत दहाही बोटं माझ्यावर अशी नाचायला लागली की मलाच धाप लागायची.

तिच्यात एकच खोड होती. लिहिता लिहिता खायची. आणि खायची ते गिरमिट. तिखट-आंबट मसाल्यात कालवलेले चुरमुरे, वर कांदा, वर शेव. कागदाचा पुडा माझ्या डोक्याशी आणि तिचा हात कधी पुड्यात, कधी माझ्यावर. व्हायचं तेच झालं. चाळिसाव्या पानावर ती 'काळ' लिहायला गेली आणि पडद्यावर नुसता 'का' आला. ळ उमटेना. तिनं कळ दाबली, ठोकली, शेवटी फुंकर घातली. ळ जागचा हलला नाही.

"अण्णा, ळ गेला!" ती ओरडली.

हणमंत धावत आला. दुसरा कीबोर्ड लावावा, तर बाकीच्यांची पिन जाड, या मशीनला बसेना. दुरुस्तीवाला लग्नाला गदगला गेलेला. प्रबंधिका तर शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत द्यायची होती.

"चिंती माडब्याड्री, अक्का, काळजी नको," हणमंत म्हणाला. "ळ असेल तिथं ल घाला. शेवटी मी एका मिनिटात सगळं बदलून देतो."

संगणकाला सगळं कळतं, अशी त्या काळी लोकांची समजूत होती. भार्गवीनंही ती मानली. पुढची चाळीस पानं तिनं वेळेची वेल केली आणि गाळाचा गाल केला. पहिल्या चाळीस पानांतले ळ तेवढे सुखरूप होते.

शुक्रवारी संध्याकाळी लिखाण संपलं. भार्गवी खोलीवर सामान बांधायला गेली, कारण दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला न्यायला येणार होते. इकडे हणमंतानं दिलेला शब्द पाळला. आधीच्या पानावरचा एक ळ उचलला. ल शोध, ळ कर, सगळीकडे. एक कळ दाबली आणि झालं. मला कळत होतं, पण मी कोण सांगणार? आमच्या जातीला फक्त ऐकायचं असतं. त्यानं फाईल फ्लॉपीवर चढवली, ऐंशी पानं छापली आणि जाता जाता ती भार्गवीच्या मार्गदर्शक बाईंच्या घरी नेऊनही दिली. बाईंचं घर वाटेवरच होतं. पोरीचा एक हेलपाटा वाचेल, एवढाच त्याचा विचार.

शनिवारी सकाळी दहाला प्रा. लीला लाटकर स्वतः केंद्रात आल्या. चपला काढायचं त्यांना भान नव्हतं. हातात ती ऐंशी पानं. मागून भार्गवी, तोंड चुन्यासारखं.

"हणमंत कोण?" बाईंनी विचारलं.

"मीच मॅडम. कुडरी, कुडरी. बसा."

बाई बसल्या नाहीत. त्यांनी पहिलं पान समोर धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "हुबळीच्या बाजारपेठेतीळ मराठी बोळी. मार्गदर्शिका, प्रा. ळीळा ळाटकर." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बावीस वर्षं शिकवतेय मी. ही ळीळा कोण?"

कोपऱ्यातल्या संगणकावरचा एक मुलगा खाली वाकून चप्पल शोधायला लागला. चप्पल बाहेर होती.

"मॅडम, ही लिपी मी हिंदीतून शिकलो, त्यात हे अक्षरच नाही," हणमंत चाचरत म्हणाला. "मला वाटलं, दोन्ही एकच. थोडं इकडंतिकडं."

"तुमचं गाव कुठलं हो?"

"नवलगुंदकडची एक हळ्ळी आहे, मॅडम."

"त्या हळ्ळीतला ळ काढून तिथं ल घाला. काय झालं?"

हणमंत ओठांत पुटपुटला, "हल्ली." आणि त्याचा चेहरा पडला. कन्नडात हळ्ळी म्हणजे खेडं, आणि हल्ली म्हणजे पाल.

"म्हणजे तुम्ही पालीत राहता," बाई म्हणाल्या. "पाचला कार्यालय बंद होतं, भार्गवी. उशिरा आलेलं घेत नाहीत, आणि मी शब्द टाकणार नाही." एवढं बोलून त्या गेल्या.

भार्गवी माझ्यासमोर बसली. टपकन एक थेंब माझ्या स्पेसबारवर पडला. एम. ए. साठी तिनं घरी केवढा हट्ट केला होता, ते तिनं मैत्रिणीला माझ्यासमोरच सांगितलं होतं. वर्ष गेलं असतं तर पुन्हा धारवाड नव्हतं.

हणमंतानं स्क्रूड्रायव्हर आणला, मला पालथं घातलं आणि माझी पाठ उघडली. ळ च्या कळीखाली एक चुरमुरा बसला होता, मसाल्यासकट. हणमंतानं तो चिमटीत धरून भार्गवीला दाखवला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "भारू, सामान बांधलीस काय? ट्रंक आणलोय बघ."

हे वसंतराव, तिचे अप्पा. हातात रिकामी ट्रंक, खांद्यावर उपरणं. चपला त्यांनी न सांगता बाहेर काढल्या होत्या. मुलीचे डोळे बघून त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"मग रडालीस कशाला? दुरुस्त कर की."

"प्रत्येक ळ बघायला हवा, अप्पा. मूळचा कुठला आणि चुकीचा कुठला. आणि माझंच लिखाण मला धड दिसत नाही. मनातलंच वाचते मी."

"मी वाचतो. कागदावर जे आहे ते मोठ्यानं वाचतो. तू बदल."

मला तिची बोटं कळली. ती एकदम गार पडली. कारण वसंतरावांना ठाऊक नव्हतं, पण त्या कागदांत तेच होते. दुकानात वही घेऊन बसणारी मुलगी अभ्यास करतेय, असं त्यांना वाटे. ती त्यांचं बोलणं उतरवून घेत होती. एकदा कॉलेजातल्या मैत्रिणी त्यांच्या 'ये की, बस की' ला हसल्या होत्या. तेव्हापासून ते तिच्या मैत्रिणींसमोर तोंडच उघडत नसत. आता ही पानं त्यांना थट्टा वाटली तर? पण घड्याळात साडेदहा झाले होते. तिनं पानं पुढं केली.

वसंतराव वाचू लागले. गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा खणखणीत आवाज. "बाजारात गेळेळ्या मुळीने." भार्गवी म्हणायची, "गेलेल्या, मुलीने," आणि माझ्या कळा खटाखट वाजायच्या. डोळा चूक सोडून देतो, कान सोडत नाही. इंजिनिअरिंगची मुलं आपली कामं टाकून ऐकत बसली. हणमंत चहा आणून माझ्यापासून चार हात लांब धरून उभा.

एकतिसाव्या पानावर वसंतरावांनी वाचलं, "तम्मा, हंड्याचं मुच्चळ कुठं ठेवळास?" आणि ते थांबले. पुन्हा मनात वाचलं.

"हे कोण म्हणालंय?"

भार्गवीनं उगाच माझी एक कळ पुसली.

"हे मी म्हणतो की, दुकानातल्या पोराला," ते हळूच म्हणाले. "माझं बोलणं आहे हे. हे आता विद्यापीठात वाचणार?"

भार्गवीनं माझ्यावरचे हात उचलले.

"अप्पा," भार्गवी म्हणाली, "तुमच्या बोलण्यात नियम आहेत. कन्नड शब्द कुठं घ्यायचा, त्याला मराठी शेपूट कसं लावायचं, तुम्ही कधी चुकत नाही. मला ते शोधायला दोन वर्षं लागली. हसायला नाही लिहिलं."

वसंतरावांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पण चूक लिहिलीस."

"काय?"

"हंड्याला मुच्चळ म्हणत नाही मी. हंड्याला झाकण. मुच्चळ डब्याला. आवळून बसतं ते मुच्चळ, नुसतं वर ठेवतात ते झाकण. लिहून घे!"

त्यानंतर काय विचारता! ते दर पानावर थांबून सुधारणा सांगू लागले. "बट्टल म्हणजे वाटी, पण खोलगट असेल तरच." "असं नाही म्हणत मी, उभं राहून म्हणतो तेव्हा वेगळं." भार्गवी घड्याळाकडे बघत गयावया करायची, "अप्पा, पाच वाजतील!" आणि ते म्हणायचे, "वाजू देत की, चुकीचं कशाला द्यायचं?" दुपारचं जेवण कुणाला आठवलं नाही. मीही त्या दिवशी जिवाच्या करारावर पळालो. एकही कळ चुकू दिली नाही.

साडेचारला शेवटचं पान निघालं. भार्गवी गरम गरम कागद पोटाशी धरून हणमंताच्या स्कूटरवर बसली आणि दोघं विद्यापीठाच्या चढाला लागले. मागं वसंतराव आणि मी. त्यांनी उपरण्याच्या टोकानं माझ्या कळांमधली शेव टिपली. मग आजूबाजूला बघून एक कळ हलकेच दाबली. पडद्यावर 'व' उमटला. ते दचकले आणि हात मागं घेऊन ट्रंकेवर जाऊन बसले.

पाचला तीन मिनिटं असताना प्रबंधिका जमा झाली. भार्गवी उत्तम गुणांनी पास झाली. लाटकर बाईंनी पेढे पाठवले ते हणमंताला, वर चिठ्ठी : 'कीबोर्डापासून लांब खावेत.' ऋणनिर्देशाचं पान मात्र भार्गवीनं लाजून अप्पांना वाचायला दिलं नव्हतं. तिथं बांधलेल्या प्रतीत कायमचं राहून गेलं : 'माझे वडीळ वसंतराव यांच्याशिवाय हे काम झाळे नसते.' वसंतराव ती प्रत दुकानात ठेवून गिऱ्हाइकांना तेच पान दाखवत.

पुढं माझे वाईट दिवस आले. नवे काळे, चपटे कीबोर्ड आले. फुलाफुलांचं कापड त्यांच्यावर गेलं. मी प्रिंटरच्या खोक्याखाली दोन वर्षं उपडा पडून होतो. माझ्या ई च्या कळीत एका कोळ्यानं घर केलं. भंगारवाला दोनदा मला हातात घेऊन वजन बघून गेला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात वसंतराव केंद्रात आले. भार्गवी तेव्हा बेळगावच्या एका कॉलेजात शिकवत होती. त्यांनी दुकानात संगणक घेतला होता आणि त्यांना कीबोर्ड हवा होता. हणमंतानं नवा दाखवला. ते म्हणाले, "हा नको. याच्याशी ओळख नाही माझी. तो कुठाय?"

आता मी हुबळीच्या भांडेबाजारात असतो. पितळेच्या घागरी आणि मी. रोज दुपारी गर्दी ओसरली की वसंतराव हात धुऊन, पुसून माझ्यासमोर बसतात आणि एका बोटानं बाजारातले शब्द लिहितात, एकेक करून, अर्थासकट. दर शनिवारी भार्गवीला पाठवतात आणि ती एखाद्या अर्थावर शंका काढायला लागली की रागावतात. सध्या आम्ही 'ग' वर आहोत.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझी भावंडं असतील, त्यांना जपा. त्यांच्यावर खाऊ नका, काम झालं की कापड घाला, राग आला तर उशीवर काढा. आणि कधी आमच्या दुकानात डबा घ्यायला आलात, आणि वसंतराव बोट हवेत धरून बसलेले दिसले, तर लगेच हाक मारू नका. दोन मिनिटं थांबा. त्यांना एक शब्द आठवतोय.