विळ्याच्या आकाराची मी

मी योगिनीच्या रक्तातली एक तांबडी पेशी बोलतेय. योगिनी म्हणजे रिठद गावच्या पुंजाजी आणि पंचफुला यांची थोरली लेक, नववीत शिकणारी. तिच्या रक्ताच्या एका थेंबात माझ्यासारख्या लाखो मावतात, त्यामुळे मला वेगळं नाव कुणी ठेवलेलं नाही.

माझा जन्म तिच्या कमरेच्या हाडात झाला. हाड बाहेरून कडक असलं तरी आत मऊ अस्थिमज्जा असते, आणि तांबड्या पेशी तिथेच तयार होतात. लहानपणी मलाही केंद्रक होतं. पेशीनं काय बनवायचं, कसं वाढायचं, या सगळ्या सूचना केंद्रकात असतात. पण मोठ्या होताना आम्ही ते बाहेर टाकून देतो. त्या जागेत हिमोग्लोबिन मावतं, आणि प्राणवायू धरून ठेवायचं काम हिमोग्लोबिनचं. केंद्रक गेलं की दुभंगून दुसरी पेशी होता येत नाही, काही बिघडलं तर दुरुस्तीही करता येत नाही. मिळालेल्या शरीरात शेवटपर्यंत राहायचं.

आणि माझ्या नशिबी बिघडलेलंच शरीर होतं. हिमोग्लोबिन कसं बनवायचं, या सूचनेतच एक बारीकशी चूक होती. ती चूक घेऊनच मी जन्मले, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

पहिली फेरी मजेत झाली. शिरेतून हृदयात गेले, हृदयानं मला फुप्फुसात ढकललं. तिथे योगिनीनं श्वास घेतला आणि मी प्राणवायूनं भरले. पुन्हा हृदयात आले, आणि तिथून जोराच्या धक्क्यानं धमनीत. वाटेत पांढऱ्या पेशी भेटल्या, जंतूंच्या मागावर निघालेल्या. मी वाहून नेते तो प्राणवायू मला स्वतःला वापरता येत नाही. त्यासाठी लागणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, माझ्यात नाहीत. तो सगळा दुसऱ्यांसाठी. तरी मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

पायाच्या बोटात पोचले. तिथल्या केशवाहिन्या माझ्याहून अरुंद. चांगली पेशी तिथून घडी घालून निघून जाते. मी प्राणवायू दिला आणि माझ्या आत काहीतरी ताठ झालं. हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या लांब काड्या झाल्या. मी वाकले, टोकदार झाले, तूर सोंगायच्या, म्हणजे कापायच्या, विळ्यासारखी. कशीबशी घासत बाहेर पडले. फुप्फुसात प्राणवायू मिळाल्यावर पुन्हा गोल झाले. पण दर फेरीला वाकायचं आणि सरळ व्हायचं. दर वेळी सरळ होणं थोडं कमी पडत गेलं.

मग थंडीतली ती सकाळ आली. योगिनीनं गार पाण्यानं अंघोळ केली आणि शाळेत जाऊन खो-खोच्या सरावाला उभी राहिली. थंडीनं वाहिन्या आकसलेल्या, रक्तातलं पाणी कमी झालेलं, आणि धावणारे स्नायू प्राणवायू मागत होते. मी तिच्या नडगीच्या हाडात होते. असेल तेवढा देऊन टाकला, वाकले, आणि अडकले.

पुढे सरकेना. मागे फिरायची सोयच नाही. माझ्यामागून दुसरी वाकडी पेशी आली, ती माझ्यात रुतली. तिच्यामागे तिसरी. बघता बघता वाट बंद झाली. आमच्या पलीकडे हाडाच्या पेशी प्राणवायूसाठी तडफडत होत्या. त्यांची हाक नसांतून मेंदूपर्यंत गेली, आणि योगिनी मैदानातच खाली बसली.

बाहेरचं बोलणं हाडांतून आत पोचतं. संध्याकाळी घरातलं सगळं मला ऐकू येत होतं.

"काय झालं वं बाई? उठून काहून नाई राह्यली?" पंचफुलानं विचारलं.

"पाय ठणकून राह्यले, आई. हाडात कोणी खिळे ठोकून राह्यलं असं वाटते."

"मांगच्या महिन्यातबी असंच," पुंजाजी म्हणाला. "पळाचं म्हटलं का हिचे पाय दुखतात. खेळाचे सर म्हणे, पोरगी नाटक करते."

"डोये पाहा तिचे, कसे पिवये पडले."

"तुह्या माहेरचंच आलं हे. तुही बहीणबी जलमाची आजारी."

डोळे पिवळे पडले होते ते आमच्यामुळे. आमच्यासारख्या पेशी लवकर फुटतात, आणि फुटल्यावर त्यातला पिवळा रंग रक्तात साठतो. पण हे मी कुणाला सांगणार? खिळा म्हणत होती तो मीच होते, आणि मला हलता येत नव्हतं. योगिनी कण्हली की माझ्याभोवतीची भिंत थरथरायची. मग तिनं कण्हणंही सोडलं. बापाला पुन्हा नाटक वाटेल म्हणून ती दात आवळून पडून राहिली. मी वाहिनीत कोंडलेली, ती गप्प राहण्यात.

दुसऱ्या दिवशी तिला उभंही राहता येईना. पंचफुला नवऱ्यापुढे उभी राहिली. "तुमी येता का मी एकटी उचलून नेऊ तिले?" मग दोघांनी तिला मोटारसायकलवर मधे बसवून रिसोडच्या दवाखान्यात आणलं.

तिथे डॉक्टर रुचा होत्या, कारंज्याच्या. त्यांनी सलाईन लावलं, दुखणं थांबवायचं औषध दिलं, पाय उबदार पांघरुणात गुंडाळले आणि विचारलं, "शाळेत पाणी किती पितेस?"

योगिनीनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. मग हळूच म्हणाली, "पीतच नाई. संडासाले कडी नाई. पाणी पेलं का जा लागते."

"मले कायले नाई सांगितलं वं?" पंचफुलाचा आवाज चिरकला.

सलाईनचं पाणी रक्तात उतरत गेलं. मागून धार आली, आमच्यातली एक सुटली, मग दुसरी, आणि शेवटी मी. फुप्फुसात गेले, भरपूर प्राणवायू मिळाला, पण आता मी पुरती गोल झाले नाही. तशीच वाहत हाताच्या बोटात आले. तेवढ्यात सुई टोचली आणि मी उजेडात आले.

अमरदीप नावाच्या तंत्रज्ञानं तो थेंब काचेवर घेतला, प्राणवायू शोषून घेणारं औषध मिसळलं, वर पातळ काच ठेवून कडा बंद केल्या. पुन्हा कोंडली गेले. प्राणवायू संपला आणि आम्ही एकजात विळे झालो. अमरदीपनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

"सिकलसेल आजार असावा," त्या म्हणाल्या. "खात्रीसाठी नमुना पुढे पाठवते. तुम्हा दोघांचंही रक्त बघू."

"माह्यं कायले?" पुंजाजी म्हणाला. "मले तं कधी तापबी नाई आला."

तरी त्यानं बोट पुढे केलं. त्याची काच माझ्या एका बाजूला ठेवली, पंचफुलाची दुसऱ्या बाजूला. थोड्या वेळानं अमरदीपनं दोन्ही पाहिल्या. दोन्हींत पेशी वाकल्या होत्या.

"आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन चुका एकत्र आल्या की लेकराला हा आजार होतो," डॉक्टर म्हणाल्या. "एकच असेल त्या माणसाला सहसा त्रास होत नाही. तुम्हाला माहीत असायचं कारणच नव्हतं. हा जन्मभराचा आहे, पण रोजची गोळी, भरपूर पाणी, थंडीत ऊब आणि ताप आला की लगेच दवाखाना, एवढं सांभाळलं तर पोरगी शिकेल, मोठी होईल."

पुंजाजीनं पंचफुलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मले पाहू द्या," योगिनी म्हणाली. अमरदीपनं खुर्ची सरकवली. तिचा डोळा माझ्यावर आला. ज्या शरीरात मी जन्मले, ते मी पहिल्यांदाच समोरून पाहत होते.

"ह्या माह्याच?"

"तुझ्याच."

"बाबा, तुमीबी पाहा. म्या नाटक नव्हती करत."

पुंजाजी वाकला. त्यानं बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा हलवला नाही. मग वर न बघताच म्हणाला, "लय दुखत असंन नाई, बाई?"

योगिनी तेव्हा रडली. एवढ्या दुखण्यात रडली नव्हती ती.

आता ते घरी गेलेत. मला परत जाता येणार नाही. अमरदीपनं हातमोजे घातलेत, जंतुनाशकाचं भांडं ओढलंय. त्याआधी एवढंच मागते: एखादं लेकरू हाडं दुखतात म्हणालं, तर त्याला खोटं पाडायच्या आधी त्याचं रक्त तपासून घ्या. आपलंही घ्या.

येते मी.