सुभेदाराची सून

"मान खाली घाल की, बाळ. आणखी खाली. धरून आणलेली बाई हाईस तू, लग्नातली न्हवं," हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी जरीची ओढणी तहरीमच्या नाकापर्यंत ओढली.

शिलाईच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उद्या शिवजयंतीची मिरवणूक. तालमीच्या पोरापोरींचे अंगरखे मशिनवर, खुर्च्यांवर, दाराच्या कडीला लटकत होते. शबनूर खाली बसून त्यांना बंद लावत होती. तिच्या हातातला दोरा तटकन तुटला.

"काका, ती लाठीच्या पथकात आहे ना? देखाव्याच्या ट्रॉलीवर कशी?"

"लाठीला पोरी रग्गड हाईत. कल्याणच्या सुभेदाराची सून मी कुठनं आणू? तुमच्यातलीच असली की खरं वाटतंय बग. आनि त्यात वाईट काय हाय? महाराज आईचा मान देतात, साडीचोळी करून परत धाडतात. सगळी ट्रॉली तिच्यावरच तर चाललीय."

एवढं बोलून तालमीचे अध्यक्ष हंबीरराव बाहेर पडले. ओढणीखालून तहरीमचा आवाज आला, "अम्मी, म्हणजे मला लाठी नाही का?"

दिवाळीपासून ती रोज संध्याकाळी तालमीच्या मैदानात लाठी फिरवत होती. तळहाताला फोड येऊन गेले होते. शबनूरने पुढचा अंगरखा ओढला. तिच्या अंगाची आग आग होत होती.

हातकणंगल्याच्या शाळेत प्रत्येक गॅदरिंगला शबनूरच सुभेदाराची सून असायची. बाईंना दुसरं नाव सुचतच नसे. पहिल्यांदा तिला केवढा आनंद झाला होता. फोटोत सगळ्या वर्गाची तोंडं दिसतात. ओढणीखालची ही आपण, असं तिला बोट ठेवून सांगावं लागतं. पुढे एम.कॉम. झाली, लग्न होऊन कोल्हापुरात आली, लेकरू झालं. तरी परवा स्टँडवर एक वर्गमैत्रीण भेटली आणि म्हणाली, "अगं, तू ती सुभेदाराची सून ना?" नाव तिला आठवलं नाही.

"अब्बा, तुम्ही काही बोलला नाहीत," ती सासऱ्यांना म्हणाली.

फक्रुद्दीन कात्री चालवत राहिले. "काय बोलायचं? सालाबादचं हाय. मानसं चांगली हाईत."

"चांगली आहेत. तुम्हाला मिशी फुटली तेव्हापासून तुम्ही त्यांचे अंगरखे शिवताय. एकदा तरी कुणी म्हणालं का, मास्तर, यातला एक तुम्ही घाला, चला आमच्यासंगं?"

म्हाताऱ्याने दोरा ओठांत ओला केला, सुईत ओवला.

माणसं चांगली होती, हेच तर खरं दुखणं होतं. मागे कुणाच्या तरी स्टेटसवरून गावात दगडफेक झाली, तेव्हा शबनूर शटर ओढून, तहरीमला पोटाशी धरून आत बसली होती आणि बाहेर फुटपाथवर खुर्ची टाकून हंबीरराव बसले होते. "हितं कोण येतंय बगतोच," म्हणाले होते. कुणी आलं नाही. त्या दिवसापासून गल्लीत कोण उभं आहे, कोण हळू आवाजात बोलतंय, ते बघायची तिला सवयच लागली. आणि हंबीररावांशी बोलताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा. त्या खुर्चीचाच तिला राग होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तहरीमला अंगरखा घातला, कमरेला शेला कसला, हातात लाठी दिली आणि तालमीपुढे नेऊन उभं केलं.

हंबीररावांनी बघितलं. "ह्ये काय? सुनंचं कपडं कुठं हाईत?"

"पिशवीत आहेत. दुसऱ्या कुणाला घाला. तुमची नात मनाली आहे की."

"मनालीला? आगं, ती कशी सुभेदाराची सून वाटंल?"

"आणि सिंहासनावरचा तो राजवीर, तो महाराज वाटतोय ना? त्याला कुठल्या गडावरनं आणलाय? पलीकडच्या गल्लीतलाच आहे की."

पोरं फिस्सकन हसली. हंबीररावांचा चेहरा पडला. "शबनूर, शिकलीस म्हनून कायबी बोलू नगंस. तुला मी कधी परकी म्हनलो?"

"नाही म्हणालात. आमच्यातली एक पोरगी दरवर्षी धरून मात्र आणता."

हलगी थांबली. माणसं गोळा झाली. एक अनोळखी पोरगा मोबाईल उंचावून शूटिंग करू लागला. शबनूरने ते पाहिलं. तरी तिची जीभ थांबेना. "आज ती चढणार नाही ट्रॉलीवर."

तेवढ्यात तिची ओढणी खालून कुणीतरी ओढली. तहरीम होती. ती मोबाईलवाल्याकडे बघत होती, मग गोळा झालेल्या माणसांकडे, एकेक करून.

"अम्मी, मी उभी राहते. तू भांडू नको."

"तहरीम..."

"राहते म्हटलं ना."

लाठी तिने मनालीच्या हातात दिली. पिशवीतला घागरा अंगरख्यावरच चढवला, ओढणी घेतली आणि कुणी सांगायच्या आधी मान खाली घातली. हंबीरराव पुढे झाले, तिला उचलून ट्रॉलीवर ठेवताना पुटपुटले, "गुणाची हाय पोर." शबनूरला वाटलं, ते हात झटकून टाकावेत.

हलगी कडाडली. ट्रॅक्टर हलला. पुढे लाठ्यांची चक्रं गरगरत होती, राजवीर सिंहासनावर ऐटीत बसला होता, माणसं त्याला हात जोडत होती. शबनूर ट्रॉलीच्या कडेला धरून चालत राहिली. वर ओढणीखाली लेकीच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. आईची नजर चुकवायला ती आपल्या पायांकडेच बघत होती.

चौकात ट्रॅक्टर थांबला. शबनूरने हात वर केला, ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि ती खेचून काढली. टाचण्या निसटल्या. केस कपाळाला चिकटलेला, लालबुंद, उघडा चेहरा उन्हात आला.

"अम्मी, काका ओरडतील."

"ओरडू दे. समोर बघ."

पुढून हंबीररावांनी वळून पाहिलं. मग ट्रॅक्टरवाल्याला पुढे चल म्हणून हात केला.

मिरवणुकीच्या मागे, दुकान बंद करून आलेले फक्रुद्दीन चालत होते. ते पुढे आले, सुनेच्या मुठीतली ओढणी त्यांनी सोडवून घेतली, नीट घडी घातली आणि काखेत धरली. मग ट्रॅक्टर हलला तसे दुसऱ्या बाजूने ट्रॉलीच्या कडेला हात ठेवून तेही चालू लागले.