एकतीस की तेरा

मुद्रितशोधकाचं काम चाळीस वर्षं केलेल्या माणसाच्या डोळ्यांना स्वस्थ बसवत नाही. बायको गेल्यापासून आठ महिन्यांत बाबांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं, पण औषधाच्या खोक्यावर वेलांटी चुकलेली दिसली की पेन्सिलीनं दुरुस्त करून ठेवायचे. सुनेनं ते पाहिलं आणि एका शनिवारी सकाळी आपला लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

ती वेधशाळेत कामाला होती. तिथली दुर्बीण आकाशाचे फोटो काढायची आणि संगणक ते जुन्या फोटोंशी ताडून पाहायचा. काही नवं उगवलेलं आढळलं की ते तपासायला वेधशाळा हौशी लोकांची मदत घ्यायची.

"हा जुना फोटो, हा नवा आणि हा दोघांतला फरक," सून म्हणाली. "शंभरातले नव्वद ठिपके कचरा असतात, बाबा. संगणकाला ते कळत नाही."

"म्हणजे मूळ प्रत आणि प्रूफ," बाबा म्हणाले.

आठवड्याभरात त्यांनी उच्चारलेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

त्यानंतर रोज चहा झाला की ते बसायचे. जेवताना तोंड उघडू लागलं. "तुमची ती दुर्बीण पुसतं का कोणी? आज नुसता कचरा!" असं म्हणून सुनेला चिडवायचे.

तिसऱ्या महिन्यात एका फिकट दीर्घिकेच्या कडेला त्यांना एक ठिपका सापडला. सुनेनं उलटसुलट तपासला. ठिपका खरा होता.

"बाबा, हा सुपरनोव्हा असणार! एखादा तारा मरताना फुटलाय. मोठ्या दुर्बिणीतून त्याचा वर्णपट घेतला की नक्की होईल. आपला नंबर सोमवारी आहे. ठरलं तर शोधक म्हणून तुमचं नाव लागेल."

मुलानं फोन करकरून सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं. "बाजारात तुरी," बाबा कुरकुरले. पण त्या दिवशी दाढी मात्र घोटून केली.

तरी जुनी खोड जाईना. आधीच्या आवृत्त्या पाहिल्याशिवाय त्यांनी कधी कशावर सही केली नव्हती. सुनेला विचारून त्यांनी ताऱ्यांविषयीची जुनी पत्रकं उघडली आणि दोन दिवस वाचत बसले. एकसष्ट वर्षांपूर्वीच्या अंकात पाच ओळींची नोंद होती. एका साहाय्यक बाईंना एक तारा अचानक उजळलेला दिसला होता. पुढच्याच अंकात खुलासा छापला होता की दिलेल्या जागी तारा नाही, बाईंच्या फोटोच्या काचेवर डाग असावा.

नोंदीशेजारी बाईंनी हातानं काढलेला छोटा नकाशा होता. वाकड्या रांगेत तीन तारे, बाजूला फिकट दीर्घिका. बाबा खुर्चीत ताठ झाले. हे तीन तारे त्यांना आता घरच्यांसारखे पाठ होते.

त्यांनी सुनेला कामावर फोन लावला. "अगं, ताऱ्याच्या जागेच्या आकड्यांची अदलाबदल झालीय. तेराच्या जागी एकतीस छापलंय. खिळे जुळवणाऱ्याचा हात चुकला आणि प्रूफ वाचणाऱ्यानं डुलकी काढली. आमच्याच धंद्यातलं पाप!"

सुनेनं ते पान आपल्या संगणकावर उघडून पाहिलं. "म्हणजे हा मेलेला तारा नाही, बाबा. मेलेला तारा दोनदा फुटत नाही. हा आपल्याच आकाशगंगेतला, पुन्हा पुन्हा उजळणारा रूपविकारी तारा आहे. दीर्घिका कुठल्या कुठे मागे आहे. पण मग... शोध तुमचा राहत नाही."

"नाहीच मुळी. बाईंचा आहे. त्या कुठे आहेत बघ."

सोमवारी वर्णपटानंही तेच सांगितलं. बाईंचा पत्ता लागायला आठवडा गेला. त्या एक्याण्णव वर्षांच्या होत्या आणि भाचीकडे राहत होत्या. सुनेनं आपला फोन बाबांच्या हातात दिला.

"मोठ्यानं बोला हं, मावशीला कमी ऐकू येतं," भाची म्हणाली.

"बाई, तुम्ही पाहिलेला तारा सापडला!" बाबा जवळजवळ ओरडलेच. "तुमचं काही चुकलं नव्हतं. चूक छापण्यात झाली!"

"दोन काचा होत्या माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "एकच डाग दोन काचांवर कसा येईल? दोनदा पत्र लिहिलं. मग साहेब म्हणाले, बाई, सोडून द्या. सोडून दिलं. शाळेत गणित शिकवलं जन्मभर." त्या थांबल्या. "आता दिसतोय तो?"

"दिसतोय. मंद होत चाललाय, पण आहे."

"तुम्ही खगोलशास्त्रज्ञ का?"

"छे. मुद्रितशोधक."

"मग एकसष्ट वर्षं कुठे होता हो तुम्ही लोक?" बाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

महिन्याभरात पत्रकात दुरुस्ती आली. शोधक म्हणून बाईंचं नाव होतं. सुनेनं त्या ताऱ्याचा नवा फोटो मोठा करून त्यांना पाठवला.

पुढच्या गुरुवारी सकाळी बाईंनी आपण होऊन सुनेच्या नंबरवर फोन केला. फोटो पोचल्याचं सांगून झाल्यावर त्यांनी बाबांना विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मुलगा, सून," बाबा म्हणाले आणि अडखळले. "बायको होती. बाई, तिची नजर माझ्यापेक्षा तिखट. लग्नाच्या पत्रिकेतली चूक मला दिसली नाही, तिला दिसली..."

सून चपला घालून, पर्स खांद्याला अडकवून दारात उभी होती. तिनं चपला काढल्या, पर्स खाली ठेवली आणि फोन न मागता स्टुलावर बसली. त्या दिवशी ती वेधशाळेत तासभर उशिरा पोचली.