फाटकावरचं दुसरं कुलूप

मी एक कुलूप बोलतोय. नळदुर्गच्या बाजारात खिळ्यांच्या डब्याशेजारी लटकत होतो, तेव्हा कडेवर लेकरू घेऊन तबस्सुम आली. सोबत धुरपदाबाई.

"सगळ्यात जाड कुलूप दाखवा, भैया."

"तिजोरी हाय का काय घरी?" दुकानदार म्हणाला.

"कंपनी हाय," धुरपदाबाई बोलली. "मालकाची. पर कुलूप आमचं."

हमरस्त्यालगतच्या त्या कंपनीत या बाया शाळेचे गणवेश शिवायच्या. कंपनीचं दिवाळं निघालं, मालकानं फोन घेणं सोडलं आणि बायांचा पगार अडकला. त्यात भरदिवसा टेम्पो लावून कुणीतरी चार मशिनी नेल्या. मग बायांनी मालकाच्या कुलपाशेजारी मला लावलं.

किल्ली तबस्सुमकडं. लई काळजीखोर बाई. लेकराला ताप असला तरी त्याला पदराखाली घेऊन यायची, मला ओढून बघायची. "मशिनी हायेत तोवर आपला पगार हाय," म्हणायची. मलाही ते पटायचं. उन्हात तापलो, पावसात गंजलो, पण ढिला पडलो नाही.

एक दिवस कोर्टानं नेमलेले साहेब आले. "ताई, कुलूप काढा. मशिनी मोजून विकायच्यात."

तबस्सुमनं किल्ली मुठीत आवळली. "इकल्यावर आमच्या हाती काय ऱ्हाईल?"

"विकल्याशिवाय तुमचा पगार येणार कुठून, ताई?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ज्याची एवढी राखण केली, तो पगार मीच कोंडून धरला होता की.

"अन् मालकावरचं बँकेचं कर्ज? आधी बँकच सगळे पैसे नेईल की," तबस्सुम म्हणाली.

"कामगारांचा थकलेला पगार बँकेच्या बरोबरीनं धरतात. पण त्यासाठी दावा लावावा लागतो. तुमच्यातल्या एकीचाही आलेला नाही."

"बरोबरीनं म्हणं," धुरपदाबाई फणकारली. "रेशनच्या रांगेत बी आमी बरोबरीनंच असतो. आमची पाळी आली की साखर संपती."

साहेबांना हसू आलं. "म्हणून तर आजच अर्ज भरा, मावशी."

तबस्सुमनं लेकरू धुरपदाबाईकडं दिलं. "भरतो. पर मोजताना आमच्यातल्या दोघी आत ऱ्हातील. अन् माल इकेपर्यंत रोज सांजच्याला हे कुलूप परत लागंल."

"लावा. मालकाचं काढून शेजारी माझं लावतो."

तिनं किल्ली फिरवली. गंजामुळं मी जरा अडलो, मग उघडलो. बाया आत गेल्या आणि जिची तिची मशीन पदरानं पुसायला लागल्या, विकायची असली तरी.

पुढं जागेसकट मशिनींचा लिलाव झाला. पगार सगळा नाही, पण बराचसा खात्यावर आला. नव्या मालकानं त्याच बाया कामावर घेतल्या आणि फाटकाला स्वतःचं कुलूप आणलं. मला तबस्सुमनं घरी नेलं, तेल घातलं. तिच्या दाराच्या कडीला मी आता मजेत असतो.

तुमची कंपनी बुडाली तर राखण जरूर करा, बायांनो. पण दावाही लावा. नुसत्या कुलपाच्या भरवशावर बसू नका, हे कुलूप असून सांगतोय.